हॅचबॅकसाठी नवे टायर निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या गाडीला टायर घेताना बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं, ‘कुठल्या कंपनीचा चांगला?’ हा प्रश्न खरं तर शेवटून दुसरा. आधी गाडीला काय लागतं आणि जुने टायर का संपले, हे कळलं पाहिजे. खालच्या उत्तरांत उदाहरण म्हणून १८५/६५ आर१५ ८८एच हा हॅचबॅकवर नेहमी दिसणारा आकार धरला आहे. तुमच्या गाडीचा आकार वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

टायर बदलायची वेळ झाली, हे कशावरून ठरवायचं?

नक्षीची खोली, टायरचं वय आणि इजा, या तिन्हींपैकी एकानेही नापास केलं तर टायर बदलायचा.

नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिमी खोल असतात. मुख्य खाचांच्या तळाशी, ठरावीक अंतरावर, रबराच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यांची जागा दाखवायला टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, छोटा त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं असतात. या पट्ट्या १.६ मिमी उंचीच्या असतात. नक्षी झिजून पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. अनेक देशांत कायद्याची मर्यादाही हीच आहे. पण कोरड्या रस्त्यावर ठीक वाटणारा २ मिमीचा टायर भरपावसात पाणी बाहेर फेकायला कमी पडतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर नक्षी ३ मिमीच्या खाली असेल तर पट्टीची वाट बघू नका.

मोजताना एकाच ठिकाणी मोजून थांबू नका. आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड, असं टायरच्या घेरावर तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत कमी आलेला आकडा धरा. आतली कड उभ्या गाडीत दिसत नाही. पुढच्या चाकांसाठी स्टेअरिंग पूर्ण वळवा, मागच्यांसाठी टॉर्च घेऊन खाली वाका. बाहेरून छान दिसणारा टायर आतून तारेपर्यंत घासलेला निघणं ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही.

इजेच्या बाबतीत सगळ्यांत गंभीर म्हणजे साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, आलेला फुगा. खड्ड्यात जोरात आपटल्यावर टायर रिमच्या कडेत चिमटला जातो आणि आतले धागे तुटतात. मग तिथली हवा नुसतं रबर अडवून धरतं. हा टायर दुरुस्त होत नाही आणि स्टेपनी म्हणूनही ठेवायचा नाही. मात्र साइडवॉलवर आतल्या बाजूला गेलेली उभी, उथळ घडी दिसली तर घाबरू नका. रेडियल टायरमध्ये (आजच्या बहुतेक गाड्यांचे टायर याच प्रकारचे) कापडाचा थर जिथे एकावर एक येऊन जोडला जातो, तिथे अशी घडी दिसते. फुगा बाहेर येतो, घडी आत जाते. फरक हाताला लगेच कळतो.

गाडी फारशी चालत नाही, नक्षी शाबूत आहे. तरी टायर बदलायचे?

वय बघा. साइडवॉलवर ‘डीओटी’पासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण ओळ बहुधा टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे बाहेर सापडली नाही तर आतल्या बाजूला शोधा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाआधीचा आहे आणि त्याबद्दल पुढे बोलायची गरज नाही.

पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर काढून आतून-बाहेरून तपासून घ्यावा. दहा वर्षं झाली की तो कितीही नवा दिसो, उतरवायचा. स्टेपनीलाही हाच नियम आहे. वय वाढलं की रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्याची पकड आधी जाते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. साइडवॉलवर केसासारख्या बारीक रेषा आल्या तर लक्ष ठेवायचं. नख अडकेल इतकी भेग असेल किंवा आतला धागा दिसत असेल तर थांबायचं नाही.

दुकानातला ‘नवा’ टायर किती जुना चालेल?

सावलीत, कोरड्या जागी नीट ठेवलेला टायर काही महिन्यांत बिघडत नाही. गेल्याच आठवड्यात बनलेला हवा असा हट्ट धरायचं कारण नाही. वर्षभराच्या आतला असेल तर निःशंक घ्या. दोन वर्षांपुढचा दाखवला तर दुसरा मागा, कारण तुमच्या वापरातली दोन वर्षं आधीच गेलेली असतात. चारही टायरांच्या तारखा एकमेकींच्या जवळ असाव्यात. तारीख बघायची ती टायर रिमवर चढवण्याआधी. चढवल्यावर वाद घालण्यात दोघांचाही वेळ जातो.

१८५/६५ आर१५ ८८एच, या आकड्यांचा अर्थ काय?

१८५ म्हणजे फुगवलेल्या टायरची एका साइडवॉलपासून दुसऱ्या साइडवॉलपर्यंतची रुंदी, मिलिमीटरमध्ये. रस्त्याला टेकणारा पट्टा याहून अरुंद असतो. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल. रिमशी त्याचा संबंध नाही, तरी तसा समज घट्ट आहे. १५ हा रिमचा व्यास, इंचांत. ८८ हा भारांक, आणि ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. एच हे वेगाचं अक्षर. एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी ताशी.

भारांक हा किलोचा आकडा नसून सांकेतिक क्रमांक आहे. ७५ म्हणजे ३८७ किलो, ८२ म्हणजे ४७५, ८४ म्हणजे ५००, ८६ म्हणजे ५३०, ९१ म्हणजे ६१५.

माझ्या गाडीचा मूळ आकार कुठे मिळेल?

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर, इंधनाच्या झाकणाची आतली बाजू किंवा गाडीचं पुस्तक. सध्या गाडीवर असलेल्या टायरवरून आकार ठरवू नका, विशेषतः गाडी जुनी विकत घेतली असेल तर. आधीच्या मालकाने काय बसवलं होतं ते त्यालाच ठाऊक. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या प्रकारात रिमचा आकारही वेगळा असू शकतो.

एक माप रुंद टायर बसवला तर काय होईल? सगळेच बसवतात.

बसवतात खरे. आधी हिशेब करू. टायरचा पूर्ण व्यास म्हणजे रिमचा व्यास अधिक साइडवॉलची उंची दोनदा. १८५/६५ आर१५ चा व्यास ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५ मिमी. त्याऐवजी १९५/६५ आर१५ घेतला तर ३८१ अधिक २५३.५, म्हणजे ६३४.५ मिमी. चाक २.१ टक्क्यांनी मोठं झालं. एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. मीटर जितका वेग दाखवत होता तितक्याच आकड्यावर आता गाडी दोन टक्क्यांनी जास्त पळते आणि ओडोमीटर तितकाच कमी मोजतो. त्यामुळे ‘टायर बदलल्यावर ॲव्हरेज घटलं’ अशी तक्रार येते, तेव्हा त्यातला एक तुकडा नुसत्या मोजणीतला असतो.

दोन टक्के फार नाहीत. ८ मिमी नक्षीचा टायर १.६ मिमीपर्यंत झिजतो, तेव्हा त्याचाही व्यास १२.८ मिमीने, म्हणजे जवळपास तेवढाच कमी होतो. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा असा ढोबळ संकेत आहे. पण व्यास जुळला की काम झालं असं नाही. पूर्ण स्टेअरिंग वळवून, गाडीत पाच माणसं बसवून, खड्ड्यातून जाताना टायर आतल्या प्लास्टिकला किंवा सस्पेन्शनला घासतो का, ते बघावं लागतं. नुसत्या उभ्या गाडीत बोट घालून ‘बसतोय की’ म्हणणं पुरेसं नाही.

शिवाय छोट्या इंजिनाला जड चाक ओढायला लावलं की सिग्नलवरून निघतानाच ते जाणवतं. आणि ज्या कारणासाठी बहुतेक जण रुंद टायर घेतात ती पकड कोरड्या वळणावर थोडी वाढते, पण साचलेल्या पाण्यात उलटं होतं. गाडीचं वजन तेवढंच राहतं आणि ते जास्त रुंद पट्ट्यावर पसरतं. टायरला पाणी कापून रस्त्यापर्यंत पोहोचणं अवघड जातं आणि तो कमी वेगातच पाण्यावर तरंगायला लागतो. रोज ऑफिस आणि महिन्यातून एकदा लांबचा प्रवास, असा वापर असेल तर मूळ मापाचाच टायर घ्या आणि तोच खर्च वरच्या दर्जाच्या टायरवर करा. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागण्यात त्याचा फायदा जास्त आहे.

१५ इंची रिमऐवजी १६ इंची अलॉय घेतले तर कोणता टायर?

रिम एक इंचाने वाढवला की साइडवॉल तितकी कमी करून व्यास तोच ठेवायचा. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ मिमी येतो, म्हणजे मूळ मापाशी जवळजवळ तंतोतंत. इथपर्यंतचं सगळेच सांगतात. पुढचं कमी जण बघतात. या मापाचा साधा टायर बहुधा ८७ भारांकाचा मिळतो, म्हणजे ५४५ किलो. गाडीला ८८ हवा असेल तर तो कमी पडला. मग त्याच मापातला ९१ भारांकाचा एक्सएल, म्हणजे जास्त भारासाठी बनवलेला, टायर शोधावा लागतो.

दुसरं, साइडवॉल १२० मिमीवरून १०७ वर आली. खड्ड्याचा धक्का खाणारी उशी १३ मिमीने पातळ झाली. खराब रस्त्यावर हे रिम वाकण्याच्या आणि फुगा येण्याच्या रूपात दिसतं. रिमचा पीसीडी, म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, ऑफसेट, म्हणजे रिमची बसण्याची जागा त्याच्या मधल्या रेषेपासून किती आत-बाहेर आहे ते, आणि मधल्या भोकाचं माप हे तिन्ही जुळलं पाहिजे. मधलं भोक मोठं असेल तर नेमक्या मापाची रिंग घाला, नाहीतर चाक कितीही बॅलन्स केलं तरी थरथर जात नाही.

भारांक किंवा वेगाचं अक्षर कमी चालेल का?

नाही. जास्त चालतं, कमी नाही. टी मागितलेल्या गाडीला एच लावायला हरकत नाही. ‘मी कुठे १९० ने चालवतो’ हा युक्तिवाद अपुरा आहे, कारण वेगाचं अक्षर टायर उष्णता किती सहन करतो हेही सांगतं. कडक उन्हात, पूर्ण भरलेल्या गाडीत आणि थोडी कमी हवा असताना तीच ताकद उपयोगाला येते.

एक्सएल टायरबद्दल मात्र सावध राहा. त्याचा जास्तीचा भार त्यात जास्त हवा भरल्यावरच मिळतो. स्टिकरवरच्या नेहमीच्या हवेत तो साध्या टायरपेक्षा जास्त वजन उचलत नाही, पण साइडवॉल कडक असल्यामुळे गाडी मात्र जास्त उडते. गरज नसेल तर घेऊ नका. इलेक्ट्रिक हॅचबॅक बॅटरीमुळे बरीच जड असते. तिथे कंपनीने एक्सएल सांगितला असेल तर एक्सएलच.

चारही एकदम बदलू की दोनच? दोन असतील तर पुढे की मागे?

चारही सारख्याच प्रमाणात झिजले असतील तर चारही. पण बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर येतो. वळणं, ओढ आणि ब्रेकचा मोठा वाटाही तीच चाकं घेतात, त्यामुळे पुढचे टायर आधी संपतात.

मग दोन नवे टायर घेऊन लोक ते पुढेच लावतात, आणि इथेच चूक होते. नवे टायर मागे लावायचे आणि मागचे अर्धे झिजलेले पुढे आणायचे. पुढच्या चाकांची पकड पाण्यात सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. स्टेअरिंगमधून ते लगेच कळतं, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बऱ्याचदा पुन्हा हाताशी येते. मागची पकड सुटली तर गाडीची शेपटीच फिरते. तिथे ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागचं टोक आणखी हलकं होतं आणि फिरणं वाढतं. नेहमीच्या ड्रायव्हरला ते सावरत नाही. ‘ओढणारी चाकं पुढची, मग चांगले टायर पुढे’ हे ऐकायला पटतं, पण ओल्या वळणावर टिकत नाही.

एकच टायर फाटला तर? त्याच्या जोडीदाराची नक्षी अजून जवळपास नवी असेल तर एकच घेता येतो, पण त्याच मापाचा, त्याच कंपनीचा आणि त्याच नक्षीचा. दोघांत २-३ मिमीपेक्षा जास्त फरक पडत असेल तर जोडीच घ्या. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या जातीचे टायर नकोत, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

जुने टायर वेडेवाकडे झिजलेत. नवे घेण्याआधी काही करायला हवं का?

हा प्रश्न खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. जुना टायर दुकानात टाकून देण्याआधी पाच मिनिटं नीट बघा. कुठला टायर कुठल्या चाकाचा, ते खडूने लिहून ठेवा. कारण न शोधता नवे चढवले तर तेही तसेच झिजतील.

दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शिल्लक असेल तर हवा सतत कमी होती. मधलाच भाग गुळगुळीत झाला असेल तर हवा जास्त होती. एकच कड, त्यातही आतली, खाल्ली गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलं आहे किंवा सस्पेन्शनचा एखादा बुश, बॉल जॉइंट ढिला झाला आहे. ढिल्या बुशवर अलाइनमेंट केलं तर मशिनवर आकडे हिरवे दिसतात आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात पुन्हा बिघडतात. म्हणून आधी ढिले भाग, मग अलाइनमेंट.

तळहात टायरवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे दात लागत असतील तर ‘टो’ चुकला आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना समांतर नाहीत. असा टायर सरळ रस्त्यावरही थोडा थोडा आडवा ओढला जात असतो. त्याचा आवाज वेग वाढला की घोंघावतो आणि लोक तो बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलून येतात.

घेरावर जागोजागी वाट्यांसारखे खड्डे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर संपला आहे किंवा चाक बराच काळ बॅलन्सबाहेर फिरलं आहे. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर जोरात ब्रेक मारून चाक घासत गेलेलं असणार.

मागच्या चाकांबद्दल एक गोष्ट. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागे एकसंध बीम असतो आणि त्याला टो किंवा कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलायची सोयच नसते. मागचा टायर एका बाजूने झिजत असेल आणि ‘अलाइनमेंट करून देतो’ असं उत्तर मिळालं, तर मागे नेमकं काय ॲडजस्ट करणार ते विचारा. बहुतेक वेळा बीम किंवा स्टब (चाक ज्यावर बसतं तो छोटा दांडा) वाकलेला असतो.

नक्षीचे प्रकार कोणते आणि त्याने काय फरक पडतो?

सममित नक्षी कुठल्याही चाकाला, कशीही चालते. देखभालीला सगळ्यांत सोपी. बाणाच्या आकाराची दिशादर्शक नक्षी पाणी चांगलं फेकते, पण साइडवॉलवरच्या बाणाच्या दिशेनेच फिरली पाहिजे. असा टायर उलट चढवला की पाणी बाहेर जायची वाटच उलटी होते. असममित नक्षीच्या टायरवर ‘आउटसाइड’ असं लिहिलेलं असतं आणि ती बाजू बाहेर यायला हवी. दुकान सोडण्याआधी चारही चाकांभोवती एक फेरी मारून हे शब्द बघा. चारातला एक उलटा निघाला असं होतं.

जास्त किलोमीटर, कमी आवाज, चांगली पकड: सगळं एकत्र मिळतं का?

पूर्ण नाही. झीज, पकड आणि फिरताना होणारा विरोध यांच्यात नेहमी ओढाताण असते. कडक रबर जास्त चालतं, पण ओल्यात घसरतं. रबरात सिलिका घातल्यामुळे ही ओढाताण बरीच कमी झाली, संपली नाही. महागडे टायर खरे वेगळे ठरतात ते इथेच.

काही टायरवर ‘ट्रेडवेअर’ आकडा असतो. १०० हा संदर्भ टायर, म्हणून ४०० म्हणजे चाचणीत चौपट. पण तो आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला ठीक, दोन कंपन्यांचे तोलायला कच्चा. सोबतची ‘ट्रॅक्शन’ श्रेणी एए, ए, बी, सी अशी असते आणि ती ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरची पकड सांगते, वळणावरची नाही. युरोपातल्या लेबलवर ओली पकड आणि इंधन यांना ए ते ई अशी श्रेणी आणि आवाजाचे डेसिबल दिलेले असतात. आवाजातले एक-दोन डेसिबल इकडेतिकडे चालतील, ओल्या पकडीत मात्र तडजोड करू नका.

‘एम प्लस एस’ किंवा डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर घ्यावेत का?

बर्फ पडत असेल तर डोंगर-हिमकण चिन्हाचेच घ्या. ते चिन्ह बर्फावरच्या चाचणीनंतर मिळतं. ‘एम प्लस एस’ नुसता नक्षीवरून कंपनीने केलेला दावा असू शकतो. हवामान ७ अंशांच्या खाली जातच नसेल तर दोन्हींची गरज नाही. हिवाळी टायरचं मऊ रबर उन्हात भराभर झिजतं.

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घातली तर चालते का?

तात्पुरता उपाय म्हणून लोक घालतात. ट्यूब आणि टायर एकमेकांवर घासतात, गरम होतात. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतला तर हवा हळूहळू जाते. ट्यूब फाटली की एकदम जाते. हवा रिमच्या कडेतून जात असेल तर आधी रिम सरळ आणि साफ करून घ्या, ट्यूब हा त्यावरचा इलाज नव्हे.

टायर चढवताना समोर उभं राहून काय बघायचं?

चढवण्याआधी माप, भारांक आणि तारीख चारही टायरांवर वाचा. मग या गोष्टी:

बीड, म्हणजे टायरची आतली कड, रिमवर जिथे बसते ती जागा तारेच्या ब्रशने साफ केलेली हवी, तिथला गंज आणि जुनं रबर हळू गळतीचं मुख्य कारण असतं. बीडला टायरची पेस्ट किंवा साबणाचं दाट पाणी लावायचं. ग्रीस, ऑइल, डिझेल नाही, त्याने रबर खराब होतं आणि टायर रिमवर सरकतो. रबरी व्हॉल्व्ह नवा बसवायचा. जुना व्हॉल्व्ह टायरएवढाच जुना असतो आणि मुळाशी चिरतो. बीड बसवायला ४० पीएसआयपेक्षा जास्त हवा द्यावी लागत असेल तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची, दाब वाढवत जायचं नाही. बसल्यावर रिमच्या कडेजवळची बारीक गोल रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो हलका भाग असतो आणि व्हॉल्व्हसमोर ठेवतात, म्हणजे बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. बॅलन्सिंग झाल्यावर मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य दिसेपर्यंत थांबा. एकाच चाकाला खूप वजनं लागत असतील तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघायला सांगा.

नट समोरासमोर, ताऱ्याच्या क्रमाने आवळायचे आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यायचा. हॅचबॅकसाठी तो बहुधा १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. हवेच्या गनने करकचून आवळले की स्टड ताणले जातात, आणि पंक्चर झाल्यावर रस्त्यात नट काढताना घाम फुटतो. आट्यांना तेल लावू नये. त्याच टॉर्कला नट जास्त आवळला जातो.

हवा किती ठेवायची?

दाराच्या स्टिकरवर आहे तेवढी, थंड टायरमध्ये. साइडवॉलवरचा ४४ किंवा ५१ पीएसआय हा आकडा टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची शिफारस नव्हे. स्टिकरवर बहुतेक वेळा दोन जोड्या असतात, एक नेहमीची आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. लांबच्या प्रवासाआधी दुसरी वापरा, परतल्यावर पहिली.

चालून गरम झालेल्या टायरमध्ये ३ ते ५ पीएसआय जास्त दिसतात. ते काढून टाकू नका. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतो, म्हणून थंडीच्या सुरुवातीला हवेचा दिवा लागतो. नायट्रोजनबद्दल एवढंच: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो भरल्यावर महिनोन्‌महिने हवा तपासायची नाही, हा समज तेवढा काढून टाका. चाकात सेन्सर नसलेल्या गाड्यांत हवेचा इशारा चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून मिळतो. तिथे नवे टायर लावून हवा भरल्यावर यंत्रणा मेनूमधून रीसेट करावी लागते.

नवे टायर लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते किंवा थरथरते. काय तपासायचं?

ओढत असेल तर आधी हवा समान आहे का बघा. मग पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अदलाबदल करा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, टायर बदलून मागा. बाजू तीच राहिली तर अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक. दिशादर्शक नक्षी असेल तर डावं-उजवं करता येत नाही, तेव्हा पुढचं मागे करून बघा.

८० ते ११० च्या दरम्यान स्टेअरिंग थरथरतं आणि त्यापुढे कमी होतं, तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग. थरथर सीटमधून येत असेल तर मागची चाकं. ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर टायरला दोष देऊ नका, ब्रेक डिस्क बघा.

कुठलं पंक्चर दुरुस्त करता येतं?

नक्षीच्या मधल्या भागातलं, ६ मिमीपर्यंतचं भोक. टायर रिमवरून काढून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात जाणारा देठ असलेलं थिगळ, बसवणं ही खरी दुरुस्ती. बाहेरून ठोकलेली रबरी वात घरी पोहोचायला पुरते. खांद्यावरचं किंवा साइडवॉलवरचं भोक दुरुस्त होत नाही, तिथे रबर प्रत्येक फेऱ्यात वाकतं आणि पॅच सुटतो. हवा गेल्यावरही काही अंतर चालवलं असेल तर टायर काढून आत हात फिरवा. काळा रबराचा भुसा निघाला तर आतून साइडवॉल कुस्करली आहे. भोक कितीही लहान असलं तरी तो टायर गेला.

टायर किती किलोमीटरला फिरवायचे?

८,००० ते १०,००० किमीला. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे त्याच बाजूला, मागचे पुढे आणताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. दिशादर्शक नक्षीत फक्त पुढे-मागे. दोन नवे टायर मागे लावले असतील तर पुढच्या-मागच्या नक्षीतला फरक कमी होईपर्यंत फिरवू नका.

स्टेपनी छोटी आहे. चार नवे घेतल्यावर तिचं काय?

अरुंद स्टेपनी ८० किमी ताशी वेगासाठी आणि थोड्या अंतरासाठी असते. तिच्यात बहुधा ६० पीएसआय हवा लागते. साइडवॉलवर लिहिलेली असते आणि जवळपास कोणीच भरत नाही. स्टेपनी पूर्ण मापाची असेल आणि जुन्यांपैकी एखादा टायर चांगला असेल तर तो तिथे टाका, पण तारीख बघून.

नवे टायर पहिल्या दिवशी घसरल्यासारखे का वाटतात?

साच्यातून सहज सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा पातळ थर पृष्ठभागावर राहतो आणि नव्या खोल नक्षीचे ठोकळे थोडे हलतात. पहिले २०० ते ३०० किमी जोरात ब्रेक आणि वेगातली वळणं टाळा, विशेषतः पावसात. ५० ते १०० किमी झाल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, चारही चाकांची हवा बघा. एखाद्यात दोन-तीन पीएसआय कमी भरले तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर त्याच दिवशी दुकानात परत जा.